थांबणे हीसुद्धा इबादत

गेल्या काही वर्षांपासून रमजान आणि ऊसतोडीचा हंगाम एकत्र येत आहेत. चांद्र पंचांगामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. आता तो फेब्रुवारी-मार्चच्या आसपास, साखर कारखान्यांचे गाळप शेवटच्या टप्प्यात असताना येतो. शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतली कितीतरी गावे या दिवसांत अर्धी रिकामी असतात. घरी म्हातारी माणसे आणि शाळकरी मुले, बाकीची पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर. बीड, परळी, माजलगाव, अंबाजोगाईच्या मोहल्ल्यांत मगरिबची अजान होते, खजुराने रोजा सोडला जातो. त्याच वेळी शेकडो कोसांवर उसाने भरलेली बैलगाडी कारखान्याच्या रांगेत उभी असते.

रोजा म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या बिगरमुस्लिम बांधवांनाही आता सांगावे लागत नाही. पहाटे सहर करायची आणि सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी वर्ज्य करायचे. पण त्यातली एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. रोजेदार जे सोडतो ते वाईट किंवा निषिद्ध नसते. घामाच्या कमाईची भाकरी आणि माठातले पाणी हलालच असते. तरीही हुकूम आहे म्हणून तो हात आवरतो. चांगल्या, गरजेच्या, हक्काच्या गोष्टीपासून ईश्वराच्या आज्ञेने काही काळ थांबणे, हे रोजाचे मर्म आहे.

या थांबण्याची एक फार जुनी बहीण आहे. ती म्हणजे ज्यू धर्मीयांचा शब्बाथ. कुरआनात त्याला ‘सब्त’ म्हटले आहे. रमजानमध्ये स्वतःच्या रोजाकडे पाहताना या सब्तकडेही एकदा पाहिले, तर आपल्याच जिल्ह्यातला एक प्रश्न अधिक स्पष्ट दिसू लागतो.

सहा दिवस काम, सातवा दिवस विसावा

हजरत मूसा (अलै.) यांच्यामार्फत बनी इस्राईलला ज्या आज्ञा मिळाल्या, त्यांत सब्तची आज्ञा आहे. सहा दिवस काम करावे, सातव्या दिवशी काम बंद ठेवून तो दिवस ईश्वरासाठी राखावा. हा दिवस शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो आणि शनिवारी रात्री आकाशात तारे दिसू लागले की संपतो. इस्लाममध्येही दिवस सूर्यास्तापासूनच मोजतात. म्हणून तर चाँद दिसल्याबरोबर त्याच रात्री तरावीह सुरू होते आणि पहिला रोजा दुसऱ्या दिवशी असतो.

या आज्ञेत एक यादी आहे आणि ती ध्यान देऊन वाचण्यासारखी आहे. घरमालकाने एकट्याने थांबायचे नाही. त्याचा मुलगा, मुलगी, नोकर, दासी, बैल, गाढव आणि त्याच्या वेशीच्या आत राहणारा परका माणूस, या सगळ्यांनी त्या दिवशी विसावा घ्यायचा आहे. तौरातमध्ये या विश्रांतीची दोन कारणे येतात. एक, ईश्वराने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली, त्याचे स्मरण. दुसरे कारण माणसांच्या इतिहासातले आहे. तुम्ही स्वतः मिसरमध्ये फिरऔनचे गुलाम होता, तुम्हाला तिथे एक दिवसही उसंत नव्हती, हे विसरू नका. ज्याने वेठ भोगली आहे, त्याने दुसऱ्याला वेठीला धरू नये.

म्हणजे सब्तमध्ये दोन गोष्टी एकत्र गुंफल्या आहेत. ईश्वरापुढे मान तुकवणे ही त्यातली आज्ञापालनाची बाजू. आपल्या हाताखालच्या जिवाला मोकळे करणे ही दयेची बाजू. एक सोडून दुसरी पाळता येत नाही. स्वतः प्रार्थनेला जाणारा आणि नोकराला कामाला जुंपून ठेवणारा मालक सब्त पाळतो असे म्हणता येत नाही. ज्यू धर्मशास्त्राने पुढे असेही ठरवले की कुणाचा जीव वाचवायचा असेल तर सब्तचे नियम बाजूला ठेवावेत. हजरत ईसा (अलै.) यांनीही सब्तच्या दिवशी आजाऱ्याला बरे करण्यात काही गैर नाही, हे ठामपणे सांगितल्याचे इंजीलमध्ये आहे.

कोकणातले शनवार तेली

हे सगळे दूरच्या वाळवंटातले वाटत असेल, तर आपल्या महाराष्ट्रातच त्याचे एक जिवंत उदाहरण आहे. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबाग-नवगावच्या परिसरात, बेने इस्रायल समाज शतकानुशतके राहिला. त्यांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज नवगावजवळ फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. त्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. कोकणात त्यांनी मराठी भाषा घेतली, मराठी पेहराव घेतला, गावावरून किहीमकर, दिवेकर, पेणकर अशी आडनावे घेतली आणि तेल गाळण्याचा धंदा पत्करला.

ग्रंथ जवळ नव्हते, धर्म शिकवणारे कुणी नव्हते. तरीही पिढ्यान्‌पिढ्या या समाजाने काही गोष्टी सोडल्या नाहीत. सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, एकेश्वराची साक्ष देणारी एक प्रार्थना आणि शनिवारी घाणा बंद ठेवणे. या शेवटच्या गोष्टीमुळे शेजाऱ्यांनी त्यांना नावच दिले, ‘शनवार तेली’. त्याच कोकणात शंकराच्या वारी घाणा बंद ठेवणारे ‘सोमवार तेली’ही होते. धंदा एक, गाव एक, देव आठवण्याचा वार तेवढा वेगळा. शनिवारी घाणा चालवला नाही म्हणून त्यांना कुणी त्रास दिला नाही. उलट त्यांच्या थांबण्याचीच गावाने ओळख केली.

घाणा थांबला की फक्त तेली थांबत नाही. दिवसभर एकाच वर्तुळात फिरणारा बैलही थांबतो. तौरातच्या यादीतला बैल कोकणात असा आपोआप सुटत होता.

हा समाज पुढे मुंबईत आला. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मांडवी भागात मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. त्याचे हिब्रू नाव ‘शार हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार. ‘रहमीम’ आणि आपला ‘रहम’ हे शब्द एकाच मुळातून आले आहेत, हे अरबी जाणणाऱ्याला सांगायला नको. दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते आणि म्हैसूरच्या लढाईत टिपू सुलतानच्या कैदेत पडले. बेने इस्रायल समाजात अशी कथा सांगतात की, कैद्यांची जात विचारली तेव्हा त्यांनी आपण बनी इस्राईल असल्याचे सांगितले. ते नाव टिपूच्या आईने ऐकले. कुरआनात ज्यांचा उल्लेख वारंवार येतो ते हेच लोक, असे म्हणून तिने त्यांच्या प्राणांची रदबदली केली. सुटकेनंतर दिवेकरांनी कृतज्ञतेने प्रार्थनागृह उभारले. कथेत इतिहास किती आणि श्रद्धा किती, हा प्रश्न वेगळा. पण एका समाजाने आपल्या दयेच्या द्वाराची आठवण एका मुस्लिम मातेच्या दयेशी जोडून ठेवली, ही गोष्ट रमजानमध्ये आठवावी अशीच आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यू समाजाला अल्पसंख्याकाचा दर्जा दिला.

आज्ञा पाळण्याचा देखावा

कुरआनात सब्तचा उल्लेख अनेक ठिकाणी आहे. सूरह आराफमध्ये समुद्रकाठच्या एका वस्तीची गोष्ट येते. तिथल्या लोकांना सब्तच्या दिवशी मासेमारी मना होती. पण नेमके त्याच दिवशी मासे पाण्यावर तरंगताना दिसत आणि इतर दिवशी दिसत नसत. ही त्यांची परीक्षा होती. भाष्यकार सांगतात की, त्यातल्या काहींनी युक्ती काढली. आदल्या दिवशी जाळी लावून ठेवायची किंवा खड्डे खणून ठेवायचे, सब्तच्या दिवशी घरी बसायचे आणि अडकलेले मासे दुसऱ्या दिवशी काढून आणायचे. वरवर पाहता नियम पाळला गेला. मात्र त्यांची लबाडी ईश्वरापुढे चालली नाही आणि त्यांना शिक्षा झाली.

ही गोष्ट केवळ एका जुन्या वस्तीची समजून पुढे जाणे सोपे आहे. पण तीत प्रत्येक धर्माच्या माणसाला धडा आहे. आपण उपवास धरतो, एकादशी करतो, रोजा ठेवतो. त्या दिवशी आपले जाळे दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर लावून ठेवलेले नाही ना, हे पाहिले पाहिजे.

इस्लाममध्ये सब्तसारखा पूर्ण कामबंदीचा दिवस नाही. ईश्वराला थकवा येत नाही, त्याला विश्रांतीची गरज नाही, हे कुरआन स्पष्ट सांगते. जुम्याची अजान झाली की खरेदी-विक्री सोडून नमाजला यावे आणि नमाज झाल्यावर पुन्हा जमिनीवर पांगून रोजी शोधावी, असे सूरह जुमुआमध्ये आहे. म्हणजे इथे थांबणे दिवसभराचे नाही, घटकाभराचे आहे. पण तत्त्व तेच. पुकार झाली की हातातला तराजू खाली ठेवायचा. आणि हातातला तराजू खाली ठेवण्याचा हक्क दुकानदाराइतकाच दुकानातल्या पोऱ्यालाही आहे.

हाताखालच्याचा हक्क

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत हाताखालच्या माणसाचा विषय पुन्हा पुन्हा येतो. हजरत अबू जर (रजि.) यांच्याकडून आलेल्या प्रसिद्ध हदीसमध्ये प्रेषितांनी सांगितले की, तुमच्या ताब्यातले सेवक तुमचे भाऊ आहेत. आपण खातो तेच त्यांना खायला द्यावे, आपण नेसतो तेच त्यांना नेसायला द्यावे, झेपणार नाही असे काम त्यांच्यावर लादू नये आणि लादलेच तर स्वतः हातभार लावावा. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्यापूर्वी चुकती करावी, हे वचन तर खेड्यापाड्यातही माहीत आहे.

मुक्या जनावरांचेही तसेच. एका बागेत प्रेषितांना पाहून एक उंट कळवळून ओरडला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. प्रेषितांनी त्याला कुरवाळून शांत केले, मालकाला बोलावले आणि जाब विचारला. या जनावराला तू उपाशी ठेवतोस आणि राबवून राबवून थकवतोस, याबद्दल तुला अल्लाहचे भय वाटत नाही का, असा त्या विचारण्याचा आशय होता.

एका प्रवासाची हदीसही रोजेदाराने लक्षात ठेवण्यासारखी आहे. कडक उन्हाचा दिवस होता. सोबत्यांपैकी काहींचा रोजा होता, काहींचा नव्हता. मुक्काम पडला तेव्हा रोजेदार थकून आडवे झाले. ज्यांचा रोजा नव्हता त्यांनी तंबू ठोकले आणि जनावरांना पाणी पाजले. आजचे पुण्य रोजा नसलेल्यांनी नेले, असे प्रेषित म्हणाले. रोजाची थोरवी यामुळे कमी होत नाही. पण उपासना आणि सेवा यांच्यात तुलना झाली तेव्हा प्रेषितांनी कुणाकडे बोट दाखवले, हे कळते.

रमजानच्या आगमनापूर्वी प्रेषितांनी केलेल्या प्रवचनाची एक रिवायत हजरत सलमान फारसी (रजि.) यांच्या नावाने मशिदींतून दरवर्षी सांगितली जाते. या महिन्यात जो आपल्या सेवकाचे काम हलके करील त्याला अल्लाह क्षमा करील, असे तीत आहे. सब्तचा मालक आठवड्यातून एकदा नोकराला मोकळे करतो. रमजानच्या मालकाने पूर्ण महिनाभर त्याचे ओझे हलके करायचे आहे.

रविवार कसा मिळाला

आज आपण रविवारची सुट्टी गृहीत धरतो. मुंबईच्या गिरणी कामगाराला ती कुणी आपणहून दिलेली नाही. सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याच्या सुट्टीला कायद्याचा आधार दिला.

पण हा कायदा कारखान्याच्या फाटकाच्या आतल्या कामगारासाठी होता. साखर कारखान्याच्या आत मशिनवर उभा असणारा कामगार सुट्टी मागू शकतो. त्याच कारखान्याला ऊस पुरवणारा, फडातला तोडणी कामगार मात्र मागू शकत नाही. त्याचा करार मुकादमाशी. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हंगामाआधी घेतलेली उचल फेडायची, म्हणून रोज ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, वाहन आले की मध्यरात्रीही उठून भरून द्यायचे. तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर त्याचा उतारा घटतो, म्हणून घाई सगळ्यांनाच असते. त्या घाईची किंमत मात्र एकाच्याच खात्यात पडते.

त्या किमतीचे फडावरचे नाव आहे ‘खाडा’. ताप आला, पोर आजारी पडले, पाळीच्या दुखण्याने उठवेना, तरी एक दिवस चुकला की खाडा पडतो आणि उचलीच्या हिशेबात तो वाढत जातो. एका खाड्याला पाचशे रुपये कापले जातात, असे २०१९ च्या बातम्यांतून राज्यासमोर आले. त्याच वर्षी बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. या शस्त्रक्रियांमागे कारणे अनेक होती. पण खाड्याची भीती हे त्यांतले एक कारण म्हणून पुन्हा पुन्हा पुढे आले. एक दिवस थांबता येत नाही म्हणून शरीराचा अवयव काढून टाकायचा, इतकी थांबण्याची किंमत आपल्या जिल्ह्यातल्या बाईला मोजावी लागली.

आपल्याकडे बैलालाही पोळा आहे. आदल्या दिवशी खांदेमळणी होते, हळद-तुपाने खांदे चोळले जातात, पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. मराठवाड्यात कितीतरी मुस्लिम शेतकरीही पोळा करतात, बैल सजवतात. लिंगायत शेतकऱ्यांत सोमवारी बैल औताला न जुंपण्याची रीत आहे. बैलाचा खांदा जपण्याइतकी दया ज्या मातीत आहे, तिथे माणसाच्या एका दिवसाच्या विसाव्याला दंड लागतो, ही विसंगती कुणालाही टोचावी.

रोजेदाराने करायचे काय

फडावर असलेल्यांत काही मुस्लिम कुटुंबेही असतात. आजारी आणि प्रवासी यांना रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिली आहे आणि अल्लाहला तुमच्यासाठी सोपे करायचे आहे, कठीण नाही, असा तिथला भाव आहे. कष्टाच्या कामात जिवावर बेतण्याची भीती निर्माण झाली, तर रोजा सोडून तो नंतर भरून काढण्याची मुभा धर्मपंडितही देतात. ईश्वराने दिलेली सवलत मुकादमाने किंवा मालकाने हिरावून घेऊ नये, एवढी अपेक्षा गैर नाही.

जकातीची रक्कम ज्या आठ प्रकारच्या लोकांवर खर्च करायची, त्यांत कर्जात बुडालेला माणूस आहे आणि वाटेत अडकलेला प्रवासीही आहे. उचलीच्या ओझ्याखाली परमुलखात अडकलेले कुटुंब या वर्णनाच्या फार जवळ आहे. जकातीशिवाय सदका आहेच आणि तो देताना समोरच्याची जात किंवा धर्म विचारण्याचे कारण नाही. हंगामावर गेलेल्या शेजाऱ्याच्या घरी राहिलेल्या आजीच्या औषधाला, नातवाच्या वह्यांना तो पोहोचू शकतो.

मुकादम असो, वाहनमालक असो, आडत दुकानदार असो की घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईकडून काम घेणारी गृहिणी, प्रत्येकाच्या हाताखाली कुणीतरी असतेच. इफ्तारसाठी पाच पदार्थ करताना ती बाई किती वाजता घरी जाते, हे पाहता येईल. तिचाही रोजा असेल तर तिला असरच्या आधी सोडता येईल. ईदच्या आदल्या रात्रीपर्यंत शिलाई मशिनवर बसणाऱ्या कारागिराची मजुरी ईदच्या आधी हातावर ठेवता येईल. आजारपणाचा एक दिवस खाड्यात न धरण्याचे मुकादमाने मनावर घेतले, तर त्याच्या टोळीतल्या दहा-वीस कोयत्यांपर्यंत रमजान खऱ्या अर्थाने पोहोचेल. त्यासाठी त्याने किंवा त्याच्या टोळीने मुसलमान असण्याची गरज नाही.

हंगाम संपत आला आहे. ईदपर्यंत काही गाड्या गावाकडे वळतील, काही अजून फडावरच असतील. परतणाऱ्यांचा हिशेब मुकादमाच्या वहीत होईल, तेव्हा खाड्याच्या रकान्यात कुणाच्या आजारपणाचे किती दिवस लिहिले आहेत, हे त्या वहीच्या मालकाने एकदा रोजाच्या तोंडाने वाचावे.